पुरं होऊन जाऊ द्या

आमच्या झाशीच्या घरमालकांना वाटीभर आमटी पाठवली की तिचा निकाल हाती यायला दुसरा दिवस उजाडायचा. त्यांचं जेवण चालू असताना मी जिन्यातून वाकून विचारलं, "सर, कशी झालीय?" तर ते घास चावता चावता नुसता डावा हात वर करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी लख्ख धुऊन, पुसून, रिकामी परत करू नये म्हणून तिच्यात अंगणातला एक पेरू ठेवून ते जिना चढून यायचे आणि दारातच उभे राहून सांगायचे, "काल मीठ अंमळ कमी होतं. बाकी उत्तम." तोवर ती आमटी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात राहिलेली नसायची. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. अर्ध्या जेवणात चिमूटभर मीठ मागून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण अर्ध्यावर असलेल्या कुठल्याही गोष्टीला बरं किंवा वाईट म्हणायचं नाही, असा त्यांचा नेम होता. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुरं होऊन जाऊ द्या." हा नेम त्यांनी मोडलेला मी एकदाच पाहिला. आता सर नाहीत, पण त्यांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा तो दिवस आठवतो.

माझे यजमान फौजेत. त्यांची झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत बदली झाली तेव्हा मुलांच्या शाळेसाठी आम्ही झाशीत सदर बाज़ारच्या मागे वरचा मजला भाड्याने घेतला. मराठी घरमालक मिळाले म्हणून साताऱ्याला सासरी सगळ्यांना हायसं वाटलं. प्रत्यक्षात त्यांची मराठी ऐकून मी पहिले काही दिवस गोंधळूनच गेले. त्यांचे पूर्वज झाशीच्या मराठी सुभेदारांच्या काळात वाईकडून इकडे कारकुनी करायला आले आणि इथलेच झाले. सर भिंतीतल्या कपाटाला फडताळ म्हणायचे, 'अंमळ' म्हणायचे, आणि पुढच्याच वाक्यात "चहा पिऊन घ्या, मग आराम करून घ्या" अशा हिंदीच्या चालीवर जायचे. एका इंटर कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती. गल्लीचे ते 'मास्साब', माझे 'सर'. त्यांची बायको आम्ही येण्याच्या खूप आधी गेलेली. मुलगी सुमेधा ग्वाल्हेरला आर्किटेक्ट होती आणि सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन बापाला भेटायला यायची.

सदर बाज़ारातला एक शिंपी सरांचा जुना विद्यार्थी होता. कुर्त्याची ट्रायल द्यायला गेले की सर आरशाकडे पाठ करून उभे राहायचे. कच्च्या टाक्यांचा कपडा हा अजून कपडाच नाही, मग त्यात बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं. शिंपी बिचारा "मास्साब, कंधा तो देख लो" म्हणून विनवायचा. परिणाम असा की सरांचा एकही कुर्ता खांद्यावर नीट बसलेला मी पाहिला नाही, आणि शिवून झाल्यावर त्या वाकड्या खांद्याबद्दल ते शिंप्याला जे सुनावायचे ते अर्ध्या बाज़ाराला ऐकू जायचं. माझा विणायला घेतलेला स्वेटर, शेजाऱ्यांचं रंगवायला काढलेलं घर, इतकंच काय, माझी मुलंसुद्धा त्यांच्या लेखी अपुरीच होती. "बच्चे बड़े होशियार हैं आपके," असं गल्लीतलं कोणी म्हणालं की सर माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "काम चालू आहे."

वर्गातही त्यांचं हेच. कोणी अर्धवट चित्र दाखवायला आणलं की ते कागद पालथा करून टेबलावर ठेवायचे आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर टिचकी मारायचे. मुलं काय समजायचं ते समजायची. हे मला सुमेधाने सांगितलं, कारण घरी तिच्याही वाट्याला तेच आलं होतं. लहानपणी ती सारखी घरं काढायची. दार काढून झालं की कागद घेऊन धावत यायची, खिडकी काढली की पुन्हा यायची, आणि दर वेळी बाबा कागद पालथा करायचे. चित्र पुरं झालं की मात्र ते मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसायचे, पण तोवर ही झोपून गेलेली असायची. "मला तर तेव्हाच पाहिजे होतं ना, वहिनी," सुमेधा म्हणाली, आणि लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

मग ग्वाल्हेर रोडला ती उंच इमारत उभी राहू लागली. नकाशा सुमेधाचा होता. तिच्या हातून झालेलं हे पहिलंच एवढं मोठं काम, आणि तेही तिच्या स्वतःच्या गावात. आमच्या भागात तोवर एवढं उंच कोणी काही बांधलं नव्हतं, त्यामुळे सगळं गाव परीक्षक झालं. अजून नुसता सांगाडा होता, वर सळया केसांसारख्या उभ्या होत्या, तरी दूधवाल्याला ती माचिसच्या डब्यांची चळत वाटत होती. भाजीवालीच्या मते किल्ल्याशी बरोबरी करायला निघालेल्यांचं कधी भलं होत नाही. गल्लीतले वकीलसाहेब म्हणाले की वरच्या गॅलऱ्या आत घेतल्या आहेत त्या अर्थी बिल्डरचं सिमेंट संपलं असणार. आणि बोलून झालं की सगळे सरांकडे वळायचे. ड्रॉइंगचे मास्तर, त्यात मुलीचं काम. त्यांनी काहीतरी म्हणायलाच हवं होतं. सर खुर्चीतून उठायचे आणि झाडांना पाणी घालायला लागायचे.

सुमेधा दर खेपेला विचारायची. "बाबा, जाऊन बघून तर या ना, कैसी लग रही है." सर म्हणायचे, "पुरी होऊन जाऊ दे." ती हसून सोडून द्यायची, पण जाताना जिन्यात माझ्याजवळ थांबायची. ऑफिसात तिच्या नकाशाचं कौतुक झालं होतं, बिल्डर खूश होता, पण त्याचं तिला फारसं काही नव्हतं. तिला तिच्या बापाच्या तोंडून एक शब्द हवा होता. चाळिशीला आलेली बाई, आणि हे सांगताना तिचा चेहरा कागद घेऊन धावत आलेल्या त्या मुलीसारखा व्हायचा. मला सरांचा पुन्हा राग आला.

एके दिवशी सकाळी मी रिक्षाने त्या रस्त्याने चालले होते, तर इमारतीसमोरच्या चहाच्या टपरीवर मला ओळखीची छत्री दिसली. काळी, मधे पांढरं ठिगळ लावलेली. सर बाकावर बसून मान वर करून इमारतीकडे बघत होते. घरी रोज सांगून निघायचे ते मंदिरात जातो म्हणून. मी रिक्षा थांबवून उतरले तेव्हा चहावाल्यानेच मला सांगून टाकलं, "रोजई आउत हैं मास्साब. घंटन बैठत." रोज येऊन तासन्‌तास बसतात हे असं उघडं पडल्यावर सर चांगलेच ओशाळले. मग म्हणाले की ते इमारत बघायला येत नाहीत, हंडा बघायला येतात.

हंड्याची हकिकत खरीच होती. बांधकाम चालू असलेल्या इमारतीला दृष्ट लागू नये म्हणून इकडे काळ्या हंड्यावर राक्षसाचं तोंड काढून तो टांगतात, त्याला नज़रबट्टू म्हणतात. मजुरांनी चुन्याने कसंतरी तोंड काढून एक टांगला होता. सरांना ते चित्र बघवेना. चौकीदाराला पटवून त्यांनी तो हंडा उतरवून घरी आणला आणि अंगणात बसून तैलरंगाने नवीन तोंड काढलं. वटारलेले डोळे, पीळदार मिशा, हनुवटीपर्यंत आलेली लाल जीभ. तेव्हा मी विचारलं होतं हे कशासाठी, तर म्हणाले होते शेजारच्या गावात कोणाला तरी पाहिजे आहे. वाळला तेव्हा स्वतःच मागे सरकून म्हणाले, "जमलाय." सुमेधाला याचा पत्ता नव्हता. रस्त्याने जाणारी माणसं आता इमारतीऐवजी हंड्याकडे बोट दाखवत होती, आणि सर त्यावर बेहद्द खूश होते. बघणाऱ्याची नजर तिथेच अडकायला हवी, त्यासाठीच तर तो असतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

त्यानंतर कधी कधी मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. बाकावर बसून ते इमारतीबद्दल एक अक्षर बोलत नसत. पण डोळ्यांवर हात धरून बघायचे, अंगठा पुढे करून माप घ्यायचे, ऊन सरकलं की बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा बघायचे. ज्याला काही मत नाही तो माणूस असं बघत नाही, हे मला कळत होतं.

आणि मग पेरू चुकायला लागला. सकाळी वाटी आणून देताना ते पेरू वाटीत ठेवायचे, तो एकदा वाटीच्या शेजारी ठेवला गेला आणि जमिनीवर पडला. जिना ते पायाने चाचपून चढायला लागले. रस्ता ओलांडताना माझ्या बाहीला धरायचे आणि वर मलाच बजावायचे की इकडे गाड्या फार जोरात येतात. मी त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असेल असं आम्हाला वाटत होतं. निघाला काचबिंदू, आणि तोही फार पुढे गेलेला. जी दृष्टी गेली ती परत येणार नाही, उरलेलीही किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी थेंबांची बाटली खिशात टाकली आणि रिक्षात बसल्याबरोबर मला अट घातली की सुमेधाला कळता कामा नये. इमारत पुरी होईपर्यंत तरी नाही. तिचं ध्यान बटून जाईल, कामातलं लक्ष उडेल, म्हणाले.

मी काही गप्प बसणारी बाई नाही. घरी आल्यावर मी त्यांना स्पष्ट म्हटलं की इमारत पुरी होईल तोवर तुम्हाला ती दिसणार नाही. जे बोलायचं ते आत्ता बोला, दिसतंय तोवर. ती लहानपणापासून वाट बघते आहे. सर इतके चिडले की आमच्यातलं बोलणं बंद झालं. वाटी मुलांच्या हातून परत आली, आणि तिच्यात काही नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ते आपणहून वर आले आणि खुर्ची चाचपून बसले. म्हणाले, "सुमेधाच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता." बायकोला दिवस राहिल्यापासून त्यांनी पाळणा रंगवायला घेतला होता. मुलगाच होणार, चित्रकार होणार, नाव हे ठेवणार, असं सगळ्या गल्लीत सांगत सुटले होते, मित्रांना आधीच पेढे खाऊ घातले होते. मूल जन्मलं आणि रडलंच नाही.

"मी आधी बोलून गेलो होतो," सर म्हणाले.

बोलण्याने कोणाचं मूल जात नाही, हे मी त्यांना सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. लहान मुलांच्या बोलण्याला आपण मान डोलावतो तशी त्यांनी मान डोलावली. मला फार वाईट वाटलं. पालथे केलेले ते सगळे कागद माझ्या डोळ्यांपुढे आले. इतकी वर्षं मी त्यांना कंजूष समजत होते, आणि सुमेधाही तसंच समजून मोठी झाली होती. हा माणूस नुसता घाबरलेला होता. ज्या गोष्टीवर जीव जडायचा तिला पुरी होईपर्यंत तो आपल्या शब्दाचा वारासुद्धा लागू देत नव्हता.

त्या वर्षी थंडी कडक पडली. सरांना खोकला धरला आणि टपरीवरचं जाणं बंद झालं. धुक्यामुळे मीही तिकडे फिरकले नाही. ऊन पडायला लागलं तेव्हा एका रविवारी सुमेधा आली, आणि तिने काही विचारायच्या आतच सर म्हणाले, "चल, तुझी इमारत बघून येऊ." सुमेधा त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी नवा कुर्ता घातला, वाकड्या खांद्याचा, आणि छत्री घेतली. मला म्हणाले, तुम्हीपण चला. गाडीत सुमेधाने स्टीअरिंग घट्ट धरलं होतं.

टपरीपाशी उतरलो आणि मी वर बघितलं. इमारत दिसतच नव्हती. बाहेरच्या प्लास्टरचं काम सुरू झालं होतं, आणि त्यासाठी तिला गच्चीपासून जमिनीपर्यंत हिरव्या जाळीने झाकून टाकलं होतं. एक गॅलरी नाही, एक खिडकी नाही. जाळीच्या बाहेर फक्त तो काळा हंडा लोंबत होता. मी सरांच्या बाहीला हात लावणार, तेवढ्यात ते बाकाची कड चाचपून त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले होते आणि त्यांनी मान वर केली होती.

"ऐक," ते म्हणाले. "पुरी झालेली नाही, तरी बोलतो आहे. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या तू एकेक पाऊल आत घेतल्यास. सकाळचं ऊन आलं की त्यांची सावली जिना उतरल्यासारखी खाली येते. मधे मोकळी जागा सोडलीस, तिच्यातून आभाळ दिसतं. ती कोणाला भरू देऊ नकोस. इतकी उंच आहे, पण अंगावर येत नाही. सुंदर आहे, सुमेधा. मला फार आवडली."

चहावाला गाळणी हातात धरून बघत राहिला होता. "काय मास्साब," तो म्हणाला, "ऊपर तो पूरी जाली..." सुमेधाने त्याच्याकडे न बघताच हात वर करून त्याला थांबवलं. तिने जाळीकडे बघितलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे. मला मान खाली घालावी लागली. तिला त्या एका क्षणात सगळं कळलं. आपल्या बापाला दिसत नाही हे कळलं, आणि दिसत होतं तोवर तो इथे येऊन रोज ही इमारत बघत होता हेही कळलं. जाळी लागायच्या आधीच्या सकाळी, ऊन आणि सावल्या, त्याला सगळं पाठ होतं.

"फक्त डोक्यावरची टाकी झाकून टाक," सर म्हणाले. "वाईट दिसते."

"झाकते, बाबा," सुमेधा म्हणाली. ती त्यांच्याजवळ गेली, कुर्त्याचा वाकडा खांदा तिने सारखा केला आणि हात तिथेच ठेवून ती उभी राहिली. जाळी वाऱ्याने फुगत होती आणि आतून गवंड्यांच्या थाप्यांचा आवाज येत होता. चहावाल्याने त्या दिवशी आम्हाला न सांगताच चहा दिला.

घरी आल्यावर सुमेधा माझ्या स्वयंपाकघरात बसून खूप रडली. डोळ्यांचं लपवलं म्हणून ती माझ्यावर रागावलीही. पण मधेच थांबून म्हणायची, "इतनी बार बघितली त्यांनी, वहिनी." हंड्याचं तिला मी तेव्हाच सांगितलं. सरांना ती जाळीबद्दल काही बोलली नाही, मीही नाही. त्यांना मात्र चहावाल्याचं ते अर्धवट वाक्य खटकलं असावं. दोन-चार दिवसांनी पेरू द्यायला आले तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी मी काही चुकीचं तर नाही बोललो?" मी म्हटलं, "एक शब्दही नाही, सर." आणि ते खरंच होतं.

सुमेधाने त्यांना ग्वाल्हेरला नेलं, दिल्लीला नेलं, पण उशीर झाला होता. इमारतीची जाळी निघाली तेव्हा सरांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. इमारत देखणी झाली. टाकीभोवती सुमेधाने जाळीदार भिंत उभी केली. माचिसच्या डब्या म्हणणारा दूधवाला आता तिथे दूध टाकायला जात होता, आणि वकीलसाहेब तिथला फ्लॅट मुलासाठी बघून आले होते. हंडा उतरवला गेला, तो सुमेधाने मागून घेतला. तो आता तिच्या ऑफिसात आहे.

आमची बदली व्हायच्या थोडं आधी एका सकाळी सुमेधाने सरांना पुन्हा टपरीवर आणलं. मी बरोबर होतेच. सर बाकावर त्यांच्या जागेवर बसले, छत्री गुडघ्यांमध्ये धरली. यंत्रांचा आवाज नव्हता, ठोकाठोक नव्हती. वर कुठल्यातरी मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि कोणीतरी सतरंजी झटकत होतं. सरांनी मान वर केली.

"पुरी झाली का ग?" त्यांनी विचारलं.

मी सुमेधाकडे बघितलं. त्यांच्या नेमाप्रमाणे त्यांनी आता बोलायचं होतं, आणि दिसत नसल्यामुळे बोलायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. सुमेधाने वर बघितलं. गॅलऱ्यांच्या सावल्या ते म्हणाले होते तशाच उतरत होत्या.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "थोडं काम बाकी आहे."

वर पुन्हा कुकरची शिट्टी झाली. ती सरांनाही ऐकू आली असणारच. त्यांनी चाचपून मुलीचा हात शोधला आणि तो छत्रीच्या मुठीवर आपल्या हाताखाली ठेवला.

"मग राहू दे बाकी," ते म्हणाले. "घाई करू नकोस."